गोळी तीच, रक्त वेगळे : वऱ्हाडातून फार्माकोजेनॉमिक्सकडे

एकाच आजाराच्या दोन रुग्णांना एकच औषध, त्याच मात्रेत दिले, तरी एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही. क्वचित तिसऱ्याच्या जिवावर बेतते. वय, वजन, यकृत-मूत्रपिंडाची अवस्था, सोबतची औषधे, गोळ्या चुकवण्याची सवय अशी याची कारणे अनेक आहेत. जे कारण जन्मासोबतच येते आणि आयुष्यभर बदलत नाही, त्याचा अभ्यास फार्माकोजेनॉमिक्स हे शास्त्र करते. औषध शरीरात शिरल्यावर ते फोडणारी, वाहून नेणारी आणि ज्यांच्यावर ते काम करते ती प्रथिने जनुकांवरून घडतात. जनुकातील एका अक्षराचा फरक एखादे एन्झाइम मंद करतो, बंद पाडतो किंवा वाजवीपेक्षा जलद करतो. या फरकांचा माग काढून कोणते औषध कोणाला, किती आणि कोणाला अजिबात नाही, हे ठरवण्यापर्यंत जाणे हा या शास्त्राचा हेतू आहे.

अमरावती किंवा अकोल्यातील बी.फार्म. वा बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने या विषयातील पदव्युत्तर पदवीचा शोध सुरू केला की पहिली अडचण नावाचीच येते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात या नावाची स्वतंत्र पदवी नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या एम.फार्म. शाखांच्या यादीतही ती नाही. फार्मास्युटिक्स, फार्माकोलॉजी, फार्मास्युटिकल केमिस्ट्री, फार्माकॉग्नोसी, क्वालिटी ॲश्युरन्स, फार्मसी प्रॅक्टिस अशा शाखा तिथे दिसतात आणि हा विषय त्यांच्यापैकी काहींच्या पोटात दडलेला असतो. म्हणून नावाच्या मागे लागणारा विद्यार्थी बहुधा चुकीच्या दारात उभा राहतो. आधी प्रश्न ठरवावा, मग तो प्रश्न जिथे सोडवला जातो ती प्रयोगशाळा शोधावी आणि त्या प्रयोगशाळेला ज्या पदवीचे दार आहे ते उघडावे, हा क्रम या विषयात जास्त उपयोगी पडतो. प्रश्नांच्या बाबतीत वऱ्हाड मुळीच गरीब नाही.

या शास्त्राची सुरुवातच अशा एका औषधापासून झाली, जे आजही मेळघाटातल्या आरोग्य केंद्रांत दिले जाते. हिवतापावरचे प्रायमाक्विन घेतलेल्या काही लोकांच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांना कावीळ होते, लघवी काळसर होते, हे दुसऱ्या महायुद्धानंतर वारंवार दिसत होते. या लोकांच्या तांबड्या पेशींत जी६पीडी हे एन्झाइम कमी असते, हे अमेरिकेत १९५६ मध्ये कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी आर्नो मोटुल्स्की यांनी औषधांच्या विपरीत परिणामांमागे आनुवंशिक कारण असू शकते, ही मांडणी केली. १९५९ मध्ये जर्मनीच्या फ्रेडरिक फोगेल यांनी या अभ्यासाला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिले. संपूर्ण जनुकसंच वाचण्याची सोय झाल्यावर त्याचेच फार्माकोजेनॉमिक्स झाले.

भारताचा या इतिहासातला वाटा विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितला जातो. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या ट्युबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटरने क्षयरोगावरील आयसोनियाझिड रुग्णांच्या शरीरात किती वेगाने निष्क्रिय होते याची मोजणी केली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रुग्णांचे शरीर हे औषध झपाट्याने निकामी करते, तर काहींचे सावकाश. आणि भारतीयांत सावकाश गटातली माणसे निम्म्याहून जास्त निघतात. सावकाश गटात औषध शरीरात जास्त वेळ राहते, त्यामुळे हातापायांना मुंग्या येणे, यकृताला त्रास होणे असे परिणाम वाढतात. यामागे एनएटी२ नावाचे जनुक आहे. वऱ्हाडातल्या कोणत्याही क्षयरोग केंद्रात आज बसलेल्या रुग्णांनाही हा हिशेब तसाच लागू पडतो.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, मुख्यतः कोरकूंची वस्ती. व्हायव्हॅक्स हिवतापात यकृतात दडून बसलेले परजीवी मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावे लागते, त्याशिवाय ताप पुन्हा उलटतो. जी६पीडी कमी असलेल्याला मात्र हेच औषध घातक ठरते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास पुरुषांत जास्त दिसतो. स्त्रियांत एक प्रत चांगली आणि एक सदोष असेल तर चाचणीचा निकाल अधल्यामधल्या पातळीवर येतो आणि निर्णय अवघड होतो. मध्य व पूर्व भारतातल्या आदिवासी समूहांत या जनुकाचा ‘ओरिसा’ नावाचा प्रकार आढळतो. कोणत्या पाड्यावर कोणता प्रकार, त्याची तीव्रता किती, आणि आरोग्यसेविकेला हातात घेऊन फिरता येईल अशी चाचणी कोणती, हे प्रश्न कोणत्याही विद्यापीठाच्या प्रवेश समितीला गंभीर वाटतील असे आहेत.

दुसरा प्रश्न सिकलसेलचा. विदर्भातील सिकलसेलची नोंद १९५८ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. तपासणी वाढली की औषधोपचारही वाढतो, आणि त्यात मुख्य औषध हायड्रॉक्सियुरिया. हे औषध गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. पण ते किती वाढेल यात माणसागणिक मोठा फरक असतो आणि त्याचा काही भाग बीसीएल११ए सारख्या जनुकांतल्या फरकांशी जोडलेला आहे. चंद्रपूर येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) हिमोग्लोबिनविकारांसाठीचे केंद्र आणि मुंबईत परळला त्याच परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. म्हणजे प्रश्न वऱ्हाडात आणि मार्गदर्शक महाराष्ट्रातच, अशी ही दुर्मीळ जुळणी आहे.

तिसरा प्रश्न तर विद्यापीठाच्या वेशीवरच उभा आहे. अमरावती विद्यापीठाच्या पत्त्यात ‘तपोवन गेटजवळ’ असे लिहिलेले असते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले तपोवन ते हेच. कुष्ठरोगावर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. त्यातले एक औषध डॅप्सोन. जी६पीडी कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी डॅप्सोननेही फुटतात. शिवाय काही थोड्या रुग्णांना डॅप्सोन सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, यकृताला सूज असा जीवघेणा त्रास होतो. चीनमधल्या कुष्ठरुग्णांत या त्रासाचा एचएलए-बी जनुकाच्या १३:०१ या प्रकाराशी घट्ट संबंध असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. असाच संबंध अपस्मारावरील कार्बामाझेपिन आणि एचएलए-बी १५:०२ यांच्यात २००४ मध्ये तैवानमध्ये सापडला होता. विदर्भात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. त्यामुळे डॅप्सोनचा अभ्यास इथे जुन्या इतिहासात जमा झालेला नाही.

चौथा प्रश्न औषधाचा नाही, विषाचा आहे. पण शास्त्र तेच. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा होऊन अनेकांचे बळी गेले आणि अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके शरीरात गेल्यावर त्यांची विषारी रूपे फोडण्याचे काम पॅराऑक्सोनेज हे एन्झाइम करते आणि त्याच्या पीओएन१ या जनुकात माणसामाणसांत फरक असतो. अशा रुग्णाच्या रक्तात कोलिनइस्टरेज मोजतात. त्यातलेच ब्युटिरिलकोलिनइस्टरेज शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलिन निष्प्रभ करते. आर्य वैश्य समाजात या एन्झाइमचा अभाव घडवणारा एक जनुकबदल आढळतो, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा समाज तेलंगण-आंध्रासोबतच विदर्भ-मराठवाड्यातही आहे आणि भूलतज्ज्ञांना ही माहिती शस्त्रक्रियेआधी हवी असते. एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. फवारणीच्या मृत्यूंचे कारण जनुकांत शोधून हातमोजे, मुखवटा, बंदी घातलेली मिश्रणे आणि मजुरीचे तास यांवरची जबाबदारी टाळणे हे विज्ञान नव्हे. जनुक फक्त एवढेच सांगते की सारख्याच विषात कोण आधी कोसळेल.

शहरी वऱ्हाडाचा प्रश्न हृदयविकाराचा. अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल अनेक रुग्णांना दिले जाते. पोटात जाते तेव्हा हे औषध निष्क्रिय असते. यकृतातले सीवायपी२सी१९ एन्झाइम त्याला कामाला लावते. ज्यांच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, त्यांच्या बाबतीत गोळीचा परिणाम बराच घटतो. दक्षिण आशियाई लोकांत या जनुकाच्या साधारण दर तीन प्रतींपैकी एक निकामी प्रकारची असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला.

आता प्रवेशाच्या वाटा. सर्वांत रुळलेली वाट बी.फार्म. ते एम.फार्म. अशी. बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटी, राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रिभूत प्रवेश फेऱ्या आणि चार वर्षांचे बी.फार्म. अमरावतीत शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि विद्याभारती महाविद्यालयासह अनेक संस्था हा अभ्यासक्रम चालवतात. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतील आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रिभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रम घेतल्यास शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. याचा फायदा वऱ्हाडातल्या अनेक घरांना होऊ शकतो. पण तो पुढच्या पदव्युत्तर टप्प्यापर्यंत टिकवायचा तर चारही वर्षांचे गुण चांगले हवेत, कारण एम.फार्म.साठी बी.फार्म.ला किमान ५५ टक्के लागतात, मागास प्रवर्गांना ५०.

एम.फार्म.चे दार जीपॅट या परीक्षेने उघडते. २०१९ ते २०२३ ती राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे एनटीए घेत असे, २०२४ पासून राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळ घेते. १२५ प्रश्न, ५०० गुण, तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. गुणपत्र तीन वर्षे चालते. प्रश्नपत्रिकेत रसायनशास्त्र आणि फार्मास्युटिक्सचा भार मोठा असतो, फार्माकोलॉजीचा जवळपास पाव. म्हणून ज्याला पुढे फार्माकोजेनॉमिक्सच करायचे आहे त्यालाही परीक्षेपुरती गोळ्या-मलमांची तयारी करावीच लागते. महाराष्ट्रातल्या एम.फार्म.च्या गुणवत्ता यादीत जीपॅटधारक आधी आणि त्यांच्यानंतर बी.फार्म.च्या गुणांवर इतर, असा क्रम असतो. म्हणजे जीपॅट नसला तरी जागा मिळू शकते. पण आवडीची शाखा, आवडीचे महाविद्यालय आणि दरमहा १२,४०० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती हातून जाते. सामान्य शेतकरी कुटुंबातल्या विद्यार्थ्यासाठी हा शेवटचा मुद्दाच निर्णायक ठरतो. तिसऱ्या वर्षापासून जीपॅटची तयारी सुरू करणे यासाठी शहाणपणाचे.

कागदपत्रांवरून हुकणारे प्रवेश गुणांवरून हुकणाऱ्यांपेक्षा जास्त दुखावतात, म्हणून त्यांकडे थोडे बारकाईने पाहावे. जातवैधता प्रमाणपत्र हा सर्वांत लांबणारा कागद. अनुसूचित जमातींच्या दाव्यांसाठी अमरावतीलाच स्वतंत्र तपासणी समिती आहे. इतर प्रवर्गांसाठी जिल्हा समित्या. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, महसुली नोंद हे सारे गोळा करायला महिने लागतात. ज्या घरात आधी कोणाला वैधता मिळालेली नाही, तिथे बी.फार्म.च्या प्रवेशाच्या वेळीच हे काम हाती घ्यावे, पदवीनंतर नव्हे. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि फेऱ्या त्यानंतर असतात, त्यामुळे ते नव्या आर्थिक वर्षाचे लागते. उरलेले कागद त्या मानाने सोपे: अधिवास, गुणपत्रिका, टीसी आणि विद्यापीठ बदलणार असल्यास मायग्रेशन.

शाखा निवडताना फार्माकोलॉजी आणि फार्मसी प्रॅक्टिस या दोन सर्वांत जवळच्या. एम.फार्म. फार्माकोलॉजीच्या ‘सेल्युलर अँड मॉलिक्युलर फार्माकोलॉजी’ या विषयात फार्माकोजेनॉमिक्सचा स्वतंत्र घटक आहे: औषधाच्या चयापचयावर, वाहक प्रथिनांवर आणि ग्राहकांवर परिणाम करणारे जनुकभेद. मात्र तो घटक चार-पाच तासिकांत उरकला जातो. खरा अभ्यास तिसऱ्या आणि चौथ्या सत्रातल्या संशोधनात होतो, आणि त्यासाठी मार्गदर्शक आधी शोधावा लागतो. प्रवेश पक्का करण्यापूर्वी त्या विभागातून गेल्या काही वर्षांत कोणते प्रबंध झाले, पीसीआर यंत्र चालू स्थितीत आहे का, जवळच्या रुग्णालयाशी करार आहे का, संस्थात्मक नीतिसमिती नोंदलेली आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. संकेतस्थळावरच्या प्रयोगशाळेच्या छायाचित्रावरून यातले काहीच कळत नाही.

अशा विभागात पदव्युत्तर पातळीवर होऊ शकणारा एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण या विषयाला अफाट पैसा लागतो हा समज तो दूर करतो. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घेतात. त्यातून डीएनए वेगळा करतात. शेवटी थंड अल्कोहोल घातल्यावर नळीत पांढरट धागे तरंगताना डोळ्यांना दिसतात. सीवायपी२सी१९ जनुकाचा नेमका तुकडा पीसीआर यंत्रात तापवत-निववत लाखो पटींनी वाढवतात. मग त्यात एसएमए-वन नावाचे कापणारे एन्झाइम घालतात. जनुक धडधाकट असेल तर तुकडा ठरलेल्या जागी कापला जातो. जी ऐवजी ए हे अक्षर आलेले असेल तर कापण्याची जागाच नाहीशी होते आणि तुकडा अखंड राहतो. ॲगारोज जेलवर वीज सोडून पाहिले की कापलेल्याच्या दोन लहान पट्ट्या, अखंडाची एक मोठी पट्टी, आणि एक प्रत चांगली, एक निकामी असेल तर तिन्ही पट्ट्या दिसतात. अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या या पट्ट्यांवरून त्या रुग्णाला हे औषध लागू पडेल की नाही, याचा अंदाज येतो. लागतात ते पीसीआर यंत्र, जेलची टाकी, फ्रीझर, थोडी रसायने आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांचे सहकार्य. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय पश्चिम विदर्भातल्या रुग्णांनी भरलेले असते. अमरावतीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. फार्मसीचा विद्यार्थी आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा औषधशास्त्र विभाग यांची भेट घडली तर असा प्रबंध वऱ्हाडातच उभा राहू शकतो. ही भेट आज फार क्वचित घडते, आणि ती घडवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यापेक्षा दोन्हीकडच्या विभागप्रमुखांची जास्त आहे.

फार्मसीची पदवी नसलेल्यांसाठीही वाट आहे. अकोल्याचे आर.एल.टी. विज्ञान महाविद्यालय, श्री शिवाजी महाविद्यालय किंवा १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेली अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था इथून जीवशास्त्रात बी.एस्सी. केलेला विद्यार्थी आयआयटी-जॅम, गॅट-बी किंवा सीयूईटी-पीजी देऊन जैवतंत्रज्ञान, मानवी आनुवंशिकी वा जैवमाहितीशास्त्रातल्या एम.एस्सी.ला जाऊ शकतो. फार्माकोजेनॉमिक्सच्या प्रगत टप्प्यावर संगणक जाणणाऱ्याची गरज रसायन जाणणाऱ्याइतकीच भासते: जनुकसंच वाचल्यावर हाती येते ती लाखो ओळींची फाइल असते, आणि तिच्यातले औषधाशी संबंधित फरक वेगळे काढायला पायथन वा आर यावे लागते. कृषीच्या विद्यार्थ्यांनाही ही दारे बंद नाहीत, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पिकांच्या जनुकांवर हात बसलेल्याला माणसाच्या जनुकांचे तंत्र नवे वाटत नाही, औषधशास्त्र मात्र नव्याने शिकावे लागते.

बारावीनंतरच दिशा ठरलेली असेल तर सहा वर्षांचा फार्म.डी. हा २००८ मध्ये भारतात आलेला अभ्यासक्रम विचारात घ्यावा. त्याच्या पाचव्या वर्षातल्या क्लिनिकल फार्माकोकायनेटिक्समध्ये फार्माकोजेनेटिक्स अभ्यासक्रमातच आहे आणि विद्यार्थी वॉर्डात फिरतो. डॉक्टरांसाठी क्रम वेगळा: एमबीबीएस, मग एम.डी. आणि त्यानंतर अतिविशेष प्रवेश परीक्षेतून क्लिनिकल फार्माकोलॉजीतली डी.एम. मुंबईचे केईएम रुग्णालयाशी जोडलेले सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि पुदुच्चेरीची जिपमर या दोन्ही संस्था यासाठी ओळखल्या जातात. जिपमरमध्ये फार्माकोजेनॉमिक्सचे प्रगत संशोधन केंद्रही उभे राहिले.

राज्याबाहेर नायपर ही औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था. मोहाली, अहमदाबाद, हैदराबाद, कोलकाता, गुवाहाटी, हाजीपूर आणि रायबरेली अशा सात ठिकाणी ती आहे. तिची प्रवेश परीक्षा निराळी, पण बी.फार्म. झालेल्याला त्या परीक्षेला बसण्यासाठीच जीपॅट लागतो. फार्माकोलॉजी अँड टॉक्सिकोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आणि फार्माकोइन्फॉर्मेटिक्स या तिथल्या शाखांतून या विषयाकडे सरळ जाता येते. शुल्क खासगी महाविद्यालयांच्या तुलनेत परवडणारे, प्रयोगशाळा चांगल्या, आणि वर्गात देशभरातले विद्यार्थी. वऱ्हाडातला विद्यार्थी नागपूर-पुण्यापलीकडे बघायला कचरतो, त्यामागे भाषेची धास्ती असते. ती पहिल्या सत्रात निघून जाते.

परदेशात मात्र नेमक्या याच नावाची पदवी मिळते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन येथील मँचेस्टर युनिव्हर्सिटी फार्माकोजेनॉमिक्समध्ये एम.एस. देते. ब्रिटनमध्ये जिनॉमिक मेडिसिनच्या एम.एस्सी.त हा विषय येतो आणि लिव्हरपूल विद्यापीठातले मुनीर पीरमहंमद यांचे काम या क्षेत्रात जगभर वाचले जाते. एका गैरसमजाची किंमत मोठी असते, म्हणून खरी गोष्ट आधीच कळलेली बरी: फार्माकोजेनॉमिक्सची एम.एस. केल्याने अमेरिकेत फार्मासिस्टचा परवाना मिळत नाही. तिथल्या नियमानुसार २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला लागतो; भारतीय बी.फार्म. चार वर्षांचे आहे. कर्ज काढण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून हे समजून घ्यावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला ७५ जागा आहेत, आणि ती जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांनाच लागू होते. म्हणून विद्यापीठ निवडताना अभ्यासक्रमाच्या नावाबरोबर क्रमवारीही पाहावी लागते.

परदेशी अर्जात गुणांइतकेच वजन उद्देशपत्राला असते, आणि वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी हानी इथेच होते. लहानपणापासून मानवसेवेची ओढ, विज्ञानाचे कुतूहल, थोरामोठ्यांची दोन वचने अशा साच्यातले पत्र हजारोंच्या ढिगात बुडते. धारणीच्या ग्रामीण रुग्णालयात व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला प्रायमाक्विन देण्याआधी जी६पीडी तपासण्याची सोय आहे का, नसेल तर कोणते औषध दिले जाते, चौदा दिवसांपैकी रुग्ण किती दिवस गोळ्या घेतो आणि उमेदवाराला त्यातला कोणता तुकडा शिकायचा आहे, हे तीन परिच्छेदांत लिहिलेले पत्र वाचणारा थांबून वाचतो. शिफारसपत्रांचेही तसेच. विद्यार्थी ‘होतकरू, नम्र व मेहनती’ आहे या वाक्याने काहीच साधत नाही. त्याने कोणता प्रयोग केला, तो कुठे फसला आणि त्याने तो पुन्हा कसा उभा केला, हे प्राध्यापकाने लिहायला हवे. प्राध्यापकाला ते लिहिता यावे म्हणून विद्यार्थ्याने आपल्या कामाचे एक पान त्याच्या हाती द्यावे.

पदव्युत्तर पदवीनंतर पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट, आयसीएमआर वा जैवतंत्रज्ञान विभागाची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळवली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. दिल्लीची आयजीआयबी, हैदराबादची सीसीएमबी, खारघरचे टाटा स्मारकाचे ॲक्ट्रेक या प्रयोगशाळा या छात्रवृत्तीवर विद्यार्थी घेतात. बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे अमरावती विद्यापीठातच राहून संशोधन करणेही शक्य होते. देशाच्या पातळीवर कच्चा माल आता मोठा आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ समूहांतील सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. मार्गदर्शक तत्त्वे वाचायला तर प्रवेशाचीही गरज नाही: कोणत्या जनुकभेदात कोणते औषध कसे द्यावे याची सीपीआयसी या २००९ मध्ये स्थापन झालेल्या संघाची पत्रके विनामूल्य आहेत, आणि बी.फार्म.चा विद्यार्थी ती आजही वाचू शकतो.

संशोधनात रक्त लोकांचे असते, हे प्रवेशानंतर पहिल्याच महिन्यात शिकवले जावे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णाच्या भाषेतले संमतिपत्र अनिवार्य आहे. नमुने देशाबाहेर पाठवायचे तर केंद्रीय तपासणी समितीची मंजुरी लागते. अमेरिकेतील हवासुपाई आदिवासींचे रक्त १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले गेले, ते पुढे स्किझोफ्रेनियासारख्या वेगळ्याच अभ्यासांना वापरले गेले, आणि ॲरिझोनाच्या विद्यापीठाला २०१० मध्ये भरपाई व नमुने परत देऊन तडजोड करावी लागली. कोरकू गावात जाणाऱ्या विद्यार्थ्याने संमतिपत्र मराठीत करून थांबू नये. ते कोरकूत समजावून सांगणारा माणूस सोबत हवा, आणि निकाल हाती आल्यावर तो गावाला परत सांगायला जाण्याची सोय प्रकल्पाच्या खर्चातच धरलेली हवी.

नोकऱ्यांचे चित्र मध्यम आहे. बंगळुरू, हैदराबाद व दिल्लीकडच्या जनुकचाचणी कंपन्या, औषध कंपन्यांचे क्लिनिकल संशोधन विभाग, कर्करोग रुग्णालये आणि अध्यापन हे प्रमुख पर्याय. रुग्णालयांत फार्माकोजेनॉमिक्सचा स्वतंत्र सल्लागार नेमण्याची पद्धत भारतात अजून रुजलेली नाही. वऱ्हाडातच राहू इच्छिणाऱ्यासाठी आज सर्वांत जवळची जागा फार्माकोव्हिजिलन्सची आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात वैद्यकीय महाविद्यालयांतून औषधांच्या विपरीत परिणामांच्या नोंदी घेऊन त्या गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे पाठवल्या जातात. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट किंवा रुग्ण स्वतः, कोणीही हा अर्ज भरू शकतो. १८००-१८०-३०२४ हा त्याचा विनामूल्य दूरध्वनी आहे. कोणत्या औषधाने, कोणत्या तालुक्यात, कोणाच्या अंगावर पुरळ उठले किंवा कोणाची लघवी काळी झाली, याची यादी त्या अर्जांतूनच तयार होते, आणि पुढच्या प्रबंधाचे रुग्णही त्याच यादीतून निवडता येतात.